ब्रेकची हवा काढली तो रविवार

थोरल्या दिरांशी मी तेवीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. भांडण अजिबात नव्हतं. भांडण असतं तर निदान भांडताना तरी बोलणं झालं असतं. आमच्या घरची रीतच तशी. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, समोर खुर्चीवर बसायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर मध्ये कुणीतरी घ्यायचं. आमच्याकडे ते मधलं माणूस म्हणजे दिरांची बायको, माझी जाऊबाई.

"त्यांना विचारा, भाकरी वाढू का," असं मी जाऊबाईंना म्हणायची. दीर तिथेच हातभर अंतरावर बसलेले असायचे. ते जाऊबाईंना सांगायचे, "अर्धी वाढ म्हणावं." मग जाऊबाई माझ्याकडे वळून "अर्धी वाढ म्हणत्यात" असं म्हणायच्या आणि मग कुठे मी अर्धी भाकरी वाढायची. जाऊबाई घरात नसल्या की दीर छताकडे बघून बोलायचे. "चहा झाला असला तर बरं हुईल," असं ते पत्र्याला सांगायचे आणि चहा मी करायची.

बाहेर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिवसभर चाळीस पोरांवर ओरडते. केंद्रप्रमुखांशी वाद घालते. एकदा ग्रामसभेत शाळेच्या संडासासाठी उभी राहून अर्धा तास बोलले, तेव्हा समोरच्या सतरंजीवर दीरही बसले होते. मी सरपंचांशी बोलत होते, त्यामुळे रीत मोडली नाही. घरी आल्यावर त्यांनी जाऊबाईंना सांगितलं, "बरं बोलली म्हणावं." जाऊबाईंनी ते मला सांगितलं आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, "पर आवाज जरा मोठा हुता." हे शेवटचं दिरांचं की त्यांचं, ते मला कधीच कळलं नाही. जाऊबाईंच्या हातून निरोप जसाच्या तसा क्वचितच पोचायचा.

लग्नानंतर पहिल्या वर्षी या प्रकाराचा मला फार राग यायचा. दुसऱ्या वर्षी हसू यायला लागलं. पुढे पुढे तर सोयच वाटू लागली, हे कबूल करायला हवं. ज्या माणसाशी बोलायचंच नाही, त्याच्याशी खटका उडायचा प्रश्नच येत नाही. घरात सगळे दिरांना दादा म्हणतात. मीही मनातल्या मनात दादाच म्हणायची, फक्त ते कधी ओठांवर आलं नव्हतं.

दादा साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, पण हातातला पाना काही सुटला नाही. सोनईपासून चार किलोमीटरवरच्या आमच्या वस्तीवर मिक्सरपासून कडबाकुट्टीपर्यंत असं एकही यंत्र नाही, जे त्यांनी एकदा तरी उघडलेलं नाही. उघडलेलं प्रत्येक पुन्हा बंद झालंच असं मात्र नाही. मिक्सरचं झाकण गेली तीन वर्षं जाऊबाई हातानं दाबून धरतात. पण ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, असलं जिवाशी खेळ असलेलं काही असलं, की दादा वेगळेच होतात. तिथे ते दहा वेळा तपासतात, आणि त्यांच्या हातून गेलेलं काम पुन्हा बघावं लागत नाही.

आमच्याकडे एक जुनी व्हॅन आहे. ती घेतली सगळ्या घरासाठी, पण चालवते मी. नवऱ्यानं मला शिकवली आणि मी शिकल्याबरोबर स्वतः चालवायची सोडून दिली. त्याचा जीव ट्रॅक्टरवर. व्हॅनमध्ये आपण जमिनीला टेकून चाललोय असं त्याला वाटतं. जूनमध्ये माझी बदली झाली, ती वांबोरीचा घाट चढून वर गेल्यावर एका वाडीच्या शाळेत. शाळेच्या वेळेला धरून एसटी नाही. तेव्हापासून रोज सकाळी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा, हा माझा आणि व्हॅनचा शिरस्ता झाला.

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस राहिले असताना घाट उतरताना ब्रेकचं पेडल माझ्या पायाखालून निघून गेलं. म्हणजे पेडल जागेवरच होतं, पण दाबलं तर पार तळाला गेलं, आणि गाडीनं नुसतं थोडं मनावर घेतल्यासारखं केलं. समोर वळण. मी गिअर खाली टाकला, हॅन्डब्रेक ओढला आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात गाडी घातली. पुढच्या चाकांचे ब्रेक थोडे धरत होते, म्हणून आज हे लिहिते आहे. गाडीत मी एकटीच होते. खडीत रुतलेल्या गाडीत बसून मी आधी रडले, मग नवऱ्याला फोन केला. तो ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्यानं व्हॅन दोराला बांधून घरी आणली.

निदान दादांनी केलं. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी गंजून फुटली होती आणि ब्रेक ऑइल गळून गेलं होतं. नळी का गंजली, हे त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना दिसत होतं. व्हॅन गोठ्याच्या भिंतीला लावायची आज्ञा त्यांचीच. "सावलीला ऱ्हाईल," म्हणाले होते. सावली होतीच. खाली सात जनावरांचं शेण-मूतही होतं. खंडेनवमीला याच गाडीला आम्ही झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. खाली वाकून मात्र कुणी बघितलं नाही.

सुट्टीपर्यंतचे आठ दिवस नवऱ्यानं मला मोटरसायकलवर सोडलं-आणलं, पण ते कायमचं जमणारं नव्हतं. घरात ठरलं ते असं. सुट्टी संपायच्या आत गाडी नीट झाली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून मी शाळेच्या गावात खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. नवरा म्हणाला, "तुझ्या जिवापेक्षा काही मोठं नाही." बरोबर बोलला, पण मला त्याचाही राग आला. पन्नाशीला आलेली बाई मी. घर सोडून परक्या गावात एका पत्र्याच्या खोलीत स्टोव्ह पेटवत बसायचं, ही कल्पनाच नको वाटायची. शाळेजवळची खोली मी बघून आले होते. खिडकी होती, तीही बंद होत नव्हती. आणि मुख्य म्हणजे एकदा गाडी सोडली की मी पुन्हा तिला हात लावणार नाही, हे मला आतून ठाऊक होतं. त्या ढिगात गाडी घातल्यापासून नुसतं स्टेअरिंगसमोर बसलं तरी माझा उजवा पाय थरथरायचा.

गाडी गॅरेजला द्यावी, असं नवऱ्यानं सुचवलं. दादा त्याच्याकडे बघतच राहिले. "ब्रेकचं काम मी दुसऱ्याच्या हातात द्यायचो न्हाई," म्हणाले. सुट्टीत ते स्वतः बसनं नगरला जाऊन नवी नळी, रबरी होज आणि ऑइलचे दोन डबे घेऊन आले. नळी सरळ होती. ती गाडीखालच्या वळणांप्रमाणे वाकवायची होती, आणि कुठेही चेपली जाऊ द्यायची नव्हती. दादांनी जाऊबाईंचा वरवंटा घेतला आणि त्याच्याभोवती नळी हळूहळू, एकेक बोट वळवत नेली. जुनी नळी शेजारी ठेवून ते पुन्हापुन्हा ताडून बघत होते. जाऊबाई दोन दिवस ठेच्याविना जेवू घालत होत्या आणि वरवंट्याला ऑइलचा वास येतो म्हणून कुरकुरत होत्या. दादांनी तो वरवंटा राखेनं स्वतः घासून दिला. लग्न झाल्यापासून त्यांनी घासलेलं हे पहिलं भांडं, असं जाऊबाई सगळ्या वस्तीला सांगून आल्या.

शनिवारी नळी बसली. रविवारी राहिलं ते जुनं ऑइल काढून नवं भरायचं आणि ब्रेकमधली हवा काढायची. नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पेडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि ब्रेक धरत नाही. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचं छोटं निप्पल पान्यानं उघडायचं, म्हणजे ऑइलबरोबर हवा बाहेर येते. मग निप्पल बंद करायचं आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. निप्पल उघडं असताना पेडल सुटलं तर आत पुन्हा हवा ओढली जाते आणि मुळापासून सुरुवात. काम इतकंच. दाब, धर, सोड. फक्त दोघांचं एकमेकांशी बोलणं असावं लागतं.

त्या रविवारी शेतीची वीज दिवसाची होती. नवरा सकाळीच उसाला पाणी द्यायला गेला. म्हणजे पेडलवर एक तर जाऊबाई, नाहीतर मी. दादांनी आधी जाऊबाईंना बसवलं. त्या पेडलांकडे बघून म्हणाल्या, "तीन हायेत की. कुठलं?" दादा म्हणाले, "मधलं." जाऊबाईंनी क्लच दाबला. वीस मिनिटांनी त्यांनी हॉर्नही वाजवला, तो मात्र कुणी सांगितला नव्हता. शेवटी दादा उभे राहिले, जांभळाच्या झाडाकडे बघून म्हणाले, "मास्तरणीला बसू दे."

झाडानं काही हालचाल केली नाही, म्हणून मी जाऊन बसले.

डाव्या बाजूच्या मागच्या चाकापासून सुरुवात होती, कारण पेडलपासून ते सगळ्यात लांबचं. गाडी जॅकवर उचलून खाली बाभळीचे ओंडके दिले होते, बाकीच्या चाकांना विटा. निप्पलवर गाईच्या सलाईनची नळी चढवली होती आणि तिचं टोक सलाईनच्याच बाटलीत बुडवलं होतं. दादा चाकाशी गोणपाटावर आडवे झाले. मी स्टेअरिंगवर. आणि दोघांच्या मधोमध, गाडीच्या दाराशी पाट टाकून जाऊबाई बसल्या. समोर भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं. शेंगा फोडायच्या, निरोप पोचवायचे आणि स्टेअरिंगजवळच्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल कमी झालं की वरून ओतायचं, अशी तीन कामं त्यांनी घेतली.

"दाब म्हणावं," चाकामागून दादा.

"दाब म्हणत्यात," जाऊबाई.

मी दाबायची. "दाबलं, सांगा."

"आवं, दाबलंय."

मग निप्पल उघडायचं, बाटलीत बुडबुड व्हायची, निप्पल बंद व्हायचं. "सोड म्हणावं." "सोड म्हणत्यात." आणि मी पाय काढायची. दर वेळी पेडल दाबताना मी पुढे झुकायची आणि पदर डोक्यावरून घसरायचा. एक हात पदराला, एक हात स्टेअरिंगला. दादा चाकामागे जमिनीवर आडवे होते, त्यांना माझा पदर काय, पायसुद्धा दिसत नव्हता. तरी मी तो सावरत होते.

पहिला तास बरा गेला. चहाच्या काढ्यासारखं काळं ऑइल निघालं, मग हळूहळू पिवळसर, स्वच्छ यायला लागलं. जाऊबाईंना सगळा क्रम पाठ झाला, आणि तिथेच घोटाळा झाला. पाठ झालेलं काम त्यांना सावकाश करवत नाही. एकीकडे शेंगा, दुसरीकडे डेअरीला दूध घालायची वेळ जवळ येत चाललेली. मग "दाब म्हणत्यात, धर म्हणत्यात, सोड म्हणत्यात" असं सगळं त्यांच्या तोंडून एका दमात यायला लागलं. दादांनी नुसतं "दाब" म्हटलेलं असायचं आणि इकडे माझ्यापर्यंत "सोड" येऊन पोचायचं.

आता खरी गोष्ट सांगते. दादांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. ते जेमतेम दोन मीटरवर होते. त्यांनी अजून "सोड" म्हटलेलं नाही, हे मला दर वेळी कळत होतं. तरी जाऊबाईंनी सांगितलं की मी पाय काढत होते. तेवीस वर्षांत कान असे तयार झाले होते की दादांनी म्हटलेलं हे म्हटलेलं नसायचंच, जोवर ते जाऊबाईंच्या तोंडून येत नाही. शाळेत पोरांना मी "नीट ऐका, डोकं वापरा" असं दिवसातून दहादा सांगते. त्या दिवशी माझं डोकं पदराखाली होतं.

दुपारचे चार वाजले. चारही चाकं दोनदा झाली. ऑइलचा एक डबा संपला, दुसरा अर्ध्यावर आला. पेडल अजून मऊ. पाय ठेवला की आत आत जायचं. दादा प्रत्येक सांधा हातानं चाचपून बघत होते, कुठे थेंब नव्हता. त्यांच्या कपाळावर आठ्या आणि कानाला ऑइल. अखेर ते गोणपाटावर उठून बसले आणि जांभळाला म्हणाले, "पेडलचा मास्टर सिलेंडरच गेलेला दिसतोय. आता उद्याच्याला काय व्हायचं न्हाई. खोलीचं बघा म्हणावं."

जाऊबाईंनी हा निरोप पोचवला नाही. पहिल्यांदाच. त्यांनी शेंगांचं टोपलं उचललं आणि "धारंची येळ झाली" म्हणून गोठ्याकडे निघून गेल्या.

मी स्टेअरिंगवर तशीच बसून राहिले. डोळे भरून आले होते आणि मला स्वतःचाच संताप येत होता. त्या बंद न होणाऱ्या खिडकीची खोली समोर दिसत होती. पदर केव्हाच खांद्यावर आला होता, तो मी उचलला नाही. इतक्यात चाकामागून आवाज आला, "शेवटचं एकदा बघावं काय." कुणाला उद्देशून ते ठाऊक नाही. चाकाला असेल. पण चाक काही पेडल दाबू शकत नव्हतं.

मी दाबलं. आता दाबलं हे सांगायचं कसं? जाऊबाई गोठ्यात. मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला अभिमानही वाटला. मी हळूच हॉर्न वाजवला. दादांना कळलं, त्यांनी निप्पल उघडलं. बाटलीत मोठ्यानं बुडबुड झाली. "सोड," ते चाकाला म्हणाले आणि मग मी सोडलं. पुन्हा हॉर्न, पुन्हा निप्पल, पुन्हा बुडबुड. इतके बुडबुडे दिवसभरात ऐकले नव्हते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवसभर काय चुकत होतं. सिलेंडर गेलेला नव्हता. निरोप आधी पोचत होता.

माझ्या अंगात वारं संचारल्यासारखं झालं. मी जोरात दाबायला लागले. पेडल हळूहळू पायाला विरोध करू लागलं, आणि त्या आनंदात माझं ऑइलच्या डबीकडे दुर्लक्ष झालं. डबी स्टेअरिंगच्या बाजूलाच, माझ्या डोळ्यांसमोर. तिच्यात ऑइल घालायचं काम जाऊबाईंचं, आणि त्या गेलेल्या. बघते तर ऑइल खालच्या रेघेच्याही खाली. तळ दिसत होता. डबी रिकामी झाली तर वरूनच हवा शिरणार आणि दिवसभराचं काम मातीत. डब्यातलं उरलेलं ऑइल पुन्हा सगळं करायला पुरणारं नव्हतं.

थांबा म्हणून मी हॉर्न वाजवला. दादांना वाटलं, दाबलं. त्यांनी निप्पल उघडलं. माझा पाय पेडलवरच होता, ते खाली जाऊ लागलं. घाबरून मी दोनदा हॉर्न वाजवला. त्यांनी आणखी उघडलं.

"दादा, बंद करा! डबी रिकामी होतीय!"

माझा शाळेतला आवाज. गोठ्यात बादली ठेवल्याचा आवाज आला. बांधावरून जाणारी बाई थांबली. मी तोंडावर हात ठेवला होता आणि पाय पेडलवर तसाच दाबून धरला होता.

मग दादा म्हणाले, "केलं बंद." आणि वर, "तू पाय काढू नगंस."

तू. मला म्हणाले. झाडाला नाही, छताला नाही. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदमच. "नाही काढत," मी म्हणाले.

दादा उठले, दाराशी आले आणि डबीत ऑइल ओतायला लागले. माझ्या डोक्यावर पदर नव्हता. त्यांनी बघितलं असणार, पण त्यांची नजर डबीच्या रेघेवर होती. मीही रेघेवरच ठेवली. "एवढं बास?" त्यांनी विचारलं. "अजून थोडं," मी म्हणाले. घासाघीस करावी तसं आम्ही त्या रेघेवर चार वाक्यं बोललो. त्यात काही खास नव्हतं. तेवीस वर्षांची तहान मात्र त्या चार वाक्यांवर भागली.

पुढचा अर्धा तास आम्ही चारही चाकं केली. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय." "सोड." एवढंच. जाऊबाई दुधाची बादली घेऊन आल्या आणि मधल्या वाटेवर उभ्याच राहिल्या. "आता मला बोलवायची गरज न्हाई दिसत," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या की काय, सांगता यायचं नाही. तेवीस वर्षांचं मानाचं पद एका दुपारी गेलं होतं. पण त्यांनी चहा केला, आणि तिघांचे कप एकाच ताटलीत आणले.

शेवटी पेडल असं घट्ट झालं की पाय त्यावर उभा राहिला. चाकं बसवली, ओंडके काढले. दादा म्हणाले, "चल, बघू." आणि दार उघडून माझ्या शेजारच्या सीटवर बसले. माझ्या शेजारी ते आजवर जेवायलाही बसले नव्हते.

गाडी मी कालव्याच्या रस्त्यानं घेतली. रविवार असल्यानं शिंगणापूरच्या गाड्यांची मुख्य रस्त्यावर गर्दी होती, म्हणून इकडे. पाय थरथरत होता. कालव्याच्या भरावावरून रस्ता खाली उतरतो. तिथे दादा म्हणाले, "आता दाब." मी दाबलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि दादांचं डोकं काचेवर आपटता आपटता वाचलं. "लागला," ते म्हणाले. समाधानानं म्हणाले. मी आणखी दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा गाडी ऐकत होती. थरथर थांबली.

मी गाडी कडेला लावली आणि स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "दादा, उद्या जाते मी हिच्यातून."

त्यांनी मान हलवली. हातातल्या फडक्यानं बोटं पुसत बसले. ऑइल केव्हाच निघालं होतं, तरी पुसत होते. "एक सांगायचं हुतं," ते समोरच्या पाण्याकडे बघून म्हणाले. "त्या दिवशी सकाळी तू गाडी मागं घेतली. जिथं चाक हुतं तिथं वलं दिसलं. गोठ्यातलं असंल वाटलं. बोट लावून बघितलं तर ऑइल. पळत आलो तर तू फाटकाशी. हाक मारायची तर..."

त्यांनी फडक्याचा बोळा केला.

"मग?"

"मग हिला हाका मारल्या. ही आत. ही येईस्तोवर तू गेल्ती."

"फोन करायचा ना."

"धाकल्याला लावला. तो उसात. उचलंना. हिला फोन लावता येत न्हाई. मग तुझा नंबर काढला. बोट न्हाई लागलं." त्यांनी बोळा पुन्हा उलगडला. "दिवसभर पायरीवर बसून हुतो. गाडी दोराला बांधून आणली तवा तुला गाडीतनं उतरताना बघितलं, मग जेवलो."

मला आधी राग आला. खूप राग आला, लपवत नाही. खडीच्या ढिगात मी एकटी रडत बसले होते, आणि घरी एक माणूस हातात फोन घेऊन रीत पाळत होता. आणि मग तो राग माझ्याकडेच वळला. आज दिवसभर त्यांचा आवाज कानात येऊनही मी पाय काढत होते की नाही? ते हाक मारू शकले नव्हते, आणि मारली असती तर मी तरी काच खाली केली असती का, मला खात्री देता येत नाही.

"पुढच्या वेळी ओरडा," मी म्हणाले. "सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडा."

"ओरडीन," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी गाडी काढली. दादा अंगणात उभे होते. "हवा बघितली का चाकाची?" फाटकापर्यंत येत ओरडले. बघितली म्हटलं. "आरसा नीट कर! घाटात गिअर खालीच ठिव! उसाच्या ट्रॉल्या निघाल्यात, मागं मागं नगं जाऊ!" जाऊबाई ओट्यावर कपाळाला हात लावून उभ्या. शेजारची बाई चुलीवरचं सोडून बघायला आली. मी वळणावर पोचले तरी त्यांचं चालूच होतं. मी गाडी थांबवली, काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या वस्तीदेखत ओरडले, "दादा, ऐकू आलं! ऐकू आलं!"